नामान, त्याचे नोकर आणि आपली लस

प्रौढांसाठी धर्मशिक्षण पाठ
वाचने : २ राजे ५:१-१४, सिराख ३८:१-१५, १ करिंथ ८:१-१३



आजचा पाठ आम्ही थोड्या संकोचानेच लिहायला घेतला आहे. करोनाची साथ ओसरून आता काही वर्षे झाली. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी तिला महामारी म्हटले आणि ५ मे २०२३ रोजी त्या साथीची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. मास्क गेले, देवळाच्या दारातली हात धुण्याची बादली गेली, बाकांवरच्या खुणा पुसल्या गेल्या. मग आता लसीवर पाठ कशाला, असे कोणी विचारील.

कारणे दोन आहेत. पहिले हे की, लस घ्यावी की घेऊ नये यावरून २०२१ साली आपल्या घराघरांत जे वाद झाले, त्यांतले काही अजून मिटलेले नाहीत. एका घरी वडिलांना वेळेवर लस दिली नाही म्हणून बहीण भावाशी बोलत नाही. दुसऱ्या घरी लस घेतल्यानंतर पंधरा दिवसांनी आजी गेली आणि "तूच नेले होतेस" हा ठपका सुनेवर बसला तो आजतागायत उतरला नाही. शांतिचिन्ह देण्याची वेळ आली की ही माणसे हात जोडतात, पण मिस्सा संपल्यावर वेगवेगळ्या वाटेने घरी जातात. दुसरे कारण असे की, त्या वेळची भीती आता लहान बाळांच्या लसीपर्यंत पोचली आहे. "गोवराची लस द्यायची का हो?" असे तरुण आया आम्हांला विचारू लागल्या आहेत. पूर्वी हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नसे.

म्हणून या रविवारी आपण पवित्र शास्त्र, आपल्या महाराष्ट्राचा इतिहास आणि ख्रिस्तसभेची शिकवण या तिन्ही गोष्टी समोर ठेवून या विषयाचा शांतपणे विचार करू या.

१. नामानाची गोष्ट

राजांच्या दुसऱ्या ग्रंथातील नामानाची कथा आपल्याला ठाऊक आहे. नामान हा अराम देशाचा सेनापती. मोठा शूर, राजाचा आवडता, पण कुष्ठरोगी. त्याच्या घरी इस्राएलमधून पकडून आणलेली एक लहान मुलगी त्याच्या पत्नीची दासी होती. शोमरोनात एक संदेष्टा आहे, तो माझ्या धन्याला बरे करील, असे तिने सांगितले. नामान सोने, चांदी, उंची वस्त्रे आणि राजाचे पत्र घेऊन निघाला. संदेष्टा अलीशा मात्र बाहेरही आला नाही. त्याने निरोप पाठवला की, यार्देन नदीत सात वेळा स्नान कर, म्हणजे बरा होशील.

नामानाला राग आला. आपल्यासारख्या मोठ्या माणसासाठी संदेष्टा स्वतः येईल, देवाचे नाव घेऊन हात फिरवील अशी त्याची अपेक्षा होती. शिवाय त्याच्या देशातल्या नद्या काय वाईट होत्या? तो रागाने परत निघाला. तेव्हा त्याचे नोकर जवळ आले. संदेष्ट्याने एखादे अवघड काम सांगितले असते तर आपण केले असते ना, मग हे तर साधेच आहे, असे त्यांनी त्याला समजावले. नामानाने ऐकले, यार्देनमध्ये उतरला आणि बरा झाला.

या गोष्टीत तीन बाबी आपल्या पाठासाठी महत्त्वाच्या आहेत.

पहिली : देवाने नामानाला बरे केले, पण नदीच्या पाण्याच्या द्वारे केले. साधन साधे होते म्हणून देवाचे सामर्थ्य कमी झाले नाही.

दुसरी : नामानाने आधी नकार दिला. त्याचा नकार सर्वस्वी मूर्खपणाचा नव्हता. परका देश, परकी नदी, तोंडही न दाखवणारा माणूस. त्याला शंका आली तर नवल नाही.

तिसरी : त्याचे मन कोणी वळवले? राजाच्या पत्राने नाही, संदेष्ट्याच्या हुकमानेही नाही. रोज त्याच्याबरोबर राहणाऱ्या नोकरांनी वळवले. ते त्याला हसले नाहीत, त्याच्यावर ओरडले नाहीत. त्याला बरे वाटावे एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ते त्याला दिसत होते.

२. औषध घेणे हा श्रद्धेचा अभाव आहे का?

साथीच्या काळात काही भाविक म्हणत, "आमचा येशूवर विश्वास आहे, आम्हांला लस कशाला?" असे म्हणणाऱ्यांची श्रद्धा खोटी होती असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. परंतु पवित्र शास्त्र काय सांगते ते पाहणे आवश्यक आहे.

सिराखच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय घरी जरूर वाचा. तेथे वैद्याचा मान राखण्यास सांगितले आहे, कारण वैद्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले. औषधे त्यानेच भूमीतून उपजवली आहेत आणि शहाणा माणूस त्यांना तुच्छ मानीत नाही. त्याच अध्यायात आजाऱ्याने प्रार्थना करावी आणि वैद्यालाही जागा द्यावी असे दोन्ही सांगितले आहे. प्रार्थना की औषध असा झगडा तेथे नाहीच.

येशूच्या मोहांचा प्रसंगही (मत्तय ४:५-७) येथे उपयोगी पडतो. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सैतान म्हणाला. आणि त्यासाठी त्याने शास्त्रवचनाचाच आधार घेतला! येशूने उडी टाकली नाही. परमेश्वराची परीक्षा पाहू नये, हे त्याचे उत्तर होते. पायऱ्या असताना उडी टाकणे याला श्रद्धा म्हणत नाहीत. चांगल्या शोमरोन्यानेही जखमी माणसासाठी केवळ प्रार्थना केली नाही. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्टी बांधली, उतारशाळेत नेले आणि पैसे भरले.

प्रकटीकरण ग्रंथातील श्वापदाची खूण म्हणजे ही लस, असाही संदेश त्या काळी मोबाईलवर फिरत होता. त्या ग्रंथात खूण म्हणजे देवाला सोडून दुसऱ्याची उपासना पत्करणे होय. दंडात टोचून घेतलेल्या औषधाने कोणाची उपासना बदलत नाही. परमगुरू पोप फ्रान्सिस यांनी स्वतः जानेवारी २०२१ मध्ये लस घेतली होती, एवढे सांगितले तरी पुरे.

३. महाराष्ट्राने पूर्वी काय पाहिले

लसीची भीती नवी नाही आणि लसही आपल्याला नवी नाही. भारतात देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. एडवर्ड जेन्नर यांनी इंग्लंडमध्ये १७९६ साली पहिला प्रयोग केला, त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी. देवी हा रोग देवीचा कोप आहे असे आपल्याकडे मानले जाई, त्यामुळे टोचायला आलेल्या माणसाला पाहून लोक मुले लपवीत. तरी लस पोचत राहिली. भारतातील देवीचा शेवटचा रोगी मे १९७५ मध्ये आढळला आणि १९८० साली जगातून हा रोग गेल्याचे जाहीर झाले. आपल्या आजी-आजोबांच्या दंडावरचे गोल वण ही त्याची खूण आहे. आज आपल्या मुलांच्या दंडावर तो वण नाही, कारण त्या लसीची गरजच उरली नाही.

दुसरी गोष्ट प्लेगची. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. ओडेसा येथे जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका खोलीत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली गेली. ज्यांनी घेतली त्यांच्यात रोग कमी झाला. मुंबईची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने चालते.

पण त्याच काळात पुण्यात काय घडले? १८९७ साली प्लेग अधिकारी रँड याच्या हाताखाली सैनिक घराघरांत शिरले, स्त्रियांची तपासणी झाली, सामान जाळले गेले, आजाऱ्यांना ओढून नेले गेले. लोक आजारी माणसाला माळ्यावर लपवू लागले. लोकांचा संताप वाढला आणि २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. रोग हटवण्याचा हेतू होता, पण जबरदस्तीने लोकांचा विश्वासच हटला. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर मुलगा यशवंत याच्यासह प्लेगच्या रोग्यांची सेवा केली, आणि त्या सेवेतच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. एकाच शहरात, एकाच वर्षी रोग्याकडे जाण्याच्या या दोन रीती लोकांनी पाहिल्या.

तिसरी गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी प्लेगची लस १०७ जणांना टोचली गेली आणि त्यांतील १९ जण धनुर्वाताने मरण पावले. एकाच बाटलीतील लस दूषित झाली होती. हाफकिन यांच्यावर दोष आला, त्यांचे काम काढून घेतले गेले. पुढे १९०७ साली ते निर्दोष ठरले. परंतु त्या १९ घरांना लसीची भीती वाटली, यात त्यांचे काय चुकले? म्हणून लसीच्या बाजूने बोलणाऱ्याने चुका झाकू नयेत. चुका कबूल करून त्या सुधारल्या गेल्या, म्हणूनच पुढची लस अधिक सुरक्षित झाली.

४. २०२१ साली आपल्याकडे

भारतात करोनाची लस १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली, आधी आरोग्य कर्मचाऱ्यांना. १ मार्चपासून साठ वर्षांवरील लोकांना आणि गंभीर आजार असलेल्या पंचेचाळीस वर्षांवरील लोकांना, १ एप्रिलपासून पंचेचाळीसच्या पुढील सर्वांना आणि १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांना ती खुली झाली. आपल्याकडे दोन लसी आल्या. कोविशिल्ड ही पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली. कोव्हॅक्सिन ही हैदराबादच्या भारत बायोटेकने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या साहाय्याने तयार केली. कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला विषाणू असतो. कोविशिल्डमध्ये वाढू न शकणारा एक दुसराच विषाणू करोनाची ओळख शरीराला करून देतो. दोन्हींचा हेतू एकच : खरा शत्रू येण्याआधी शरीराची तयारी करून घेणे.

आपल्या नवेगाव बांधच्या परिसरात लोक का कचरले? दूरच्या माणसांनी "अडाणी लोक" म्हणून विषय संपवला. आम्हांला ते मान्य नाही. लोकांची कारणे एकेक करून पाहू या.

मजुरीचे कारण. लस आली तेव्हा मोहफुले वेचण्याचे दिवस होते, पाठोपाठ तेंदूपत्ता आला. लस घेतल्यावर एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी होते हे सगळ्यांनी पाहिले होते. वर्षाची रोख कमाई ज्या दोन महिन्यांत होते, त्यांत दोन दिवस झोपून काढणे सोपे नव्हते.

जुन्या आठवणी. आणीबाणीत, १९७५ ते १९७७ या काळात, नसबंदीसाठी देशभर जी सक्ती झाली ती वडीलधाऱ्यांच्या लक्षात होती. सरकारी गाडी गावात आली की टोल्यांवरची माणसे जंगलात निघून जात, यामागे ती आठवण होती.

मोबाईलचे कारण. तरुणांना नावनोंदणी मोबाईलवरच करावी लागत असे आणि जागा काही मिनिटांत भरून जात. मे २०२१ मध्ये राज्यात अनेक ठिकाणी शहरातली माणसे गाड्या करून खेड्यांतल्या केंद्रांवर आली आणि गावची माणसे रांगेत उभी राहून रिकामी परतली. ज्याला हे अनुभवायला मिळाले त्याने "ही लस आपल्यासाठी नाही" असे म्हटले तर दोष कोणाचा?

मृत्यूंचे कारण. "अमका लस घेऊन गेला" ही बातमी सर्वांत वेगाने पसरे. येथे थोडा हिशेब समजून घ्यावा. दहा हजार वृद्ध माणसे घेतली, तर लस असो वा नसो, त्यांतली काही दर आठवड्याला वारतातच. ज्या आठवड्यात त्या सर्वांना लस मिळेल, त्या आठवड्यातही वारतील. एकामागून एक घडले म्हणजे एकामुळे दुसरे घडले असे होत नाही. शिवाय ते दुसऱ्या लाटेचे दिवस होते. अनेकांना लस घेण्याआधीच लागण झालेली होती आणि पहिला डोस मिळाला तरी शरीराची तयारी व्हायला काही आठवडे लागत.

पण सर्वच भीती खोटी होती असेही नाही. कोविशिल्डसारख्या लसीमुळे अगदी थोड्या लोकांत रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होतात, असा संबंध युरोपातील औषध नियंत्रकांनी एप्रिल २०२१ मध्येच नोंदवला होता. २०२४ साली त्याची पुन्हा मोठी चर्चा झाली. हा त्रास अतिशय दुर्मीळ आहे आणि सहसा लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच होतो. म्हणून वर्षांपूर्वी लस घेतलेल्यांनी आता घाबरण्याचे कारण नाही. तसेच कोव्हॅक्सिनला जानेवारी २०२१ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष हाती आले नव्हते, म्हणून अनेक डॉक्टरांनीही प्रश्न विचारले होते. ते निष्कर्ष पुढे आले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या लसीला मान्यता दिली. प्रश्न विचारणारा प्रत्येक जण लसीचा वैरी नसतो.

लसीचे वचनही नीट समजले नव्हते. लस घेतली की करोना होणारच नाही असे अनेकांना वाटले. २०२२ च्या आरंभी ओमायक्रॉन आला तेव्हा दोन्ही डोस घेतलेलेही आजारी पडले आणि लोक हसले. परंतु लसीचे मोठे काम गंभीर आजार आणि मृत्यू टाळण्याचे होते, आणि ते तिने केले. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे रोगी पुष्कळ आहेत. त्यांना १ मार्च २०२१ पासूनच गंभीर आजारांच्या यादीत धरून प्राधान्य दिले होते, ते याचसाठी.

५. ख्रिस्तसभा काय शिकवते

कॅथोलिक म्हणून काही जणांना एक वेगळा प्रश्न पडला होता, आणि तो गंभीर आहे. काही लसींच्या निर्मितीत किंवा तपासणीत अशा पेशी वापरल्या गेल्या की ज्यांचा उगम मागील शतकात गर्भपात केलेल्या गर्भापासून झाला होता. कोविशिल्डच्या निर्मितीत अशी पेशीमालिका वापरली गेली. त्या मूळ पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवत आणलेल्या या पेशी आहेत. लसीसाठी नवा गर्भपात केला जात नाही. (कोव्हॅक्सिनसाठी माकडाच्या मूत्रपिंडापासूनची पेशीमालिका वापरली गेली. तिच्यात वासराचे रक्तद्रव असते अशी अफवा उठली तेव्हा, ते पेशी वाढवण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात वापरून पुढे धुऊन काढले जाते, तयार लसीत ते नसते, असा खुलासा जून २०२१ मध्ये सरकारने केला होता.)

व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत विभागाने २१ डिसेंबर २०२० रोजी याविषयी एक टिपण प्रसिद्ध केले. त्यातील मुद्दे आमच्या शब्दांत असे :

पहिला मुद्दा, नैतिकदृष्ट्या निर्दोष लस उपलब्ध नसेल तेव्हा अशी लस घेणे मान्य आहे. गर्भपाताच्या त्या कृत्याशी लस घेणाऱ्याचा संबंध फार दूरचा आहे आणि साथीचे संकट मोठे आहे.

दुसरा, याचा अर्थ गर्भपाताला संमती असा होत नाही. औषध कंपन्यांनी आणि सरकारांनी निर्दोष मार्गाने लस तयार करावी, हा आग्रह आपण सोडू नये.

तिसरा, लस घेणे हे सर्वसाधारणपणे नैतिक बंधन नाही, ते स्वेच्छेने झाले पाहिजे. मात्र स्वतःच्या आरोग्याबरोबर सर्वांच्या कल्याणाची जबाबदारीही आपल्यावर आहे. जो सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून लस नाकारतो, त्याने इतरांना आपल्यामुळे लागण होऊ नये म्हणून शक्य ते सर्व केले पाहिजे.

चौथा, गरीब देशांना आणि गरीब माणसांना लस मिळावी हे न्यायाचे कर्तव्य आहे.

पोप फ्रान्सिस यांनी १८ ऑगस्ट २०२१ रोजी दिलेल्या संदेशात लस घेणे ही प्रेमाची कृती आहे असे सांगितले. बंधन नव्हे, पण प्रेम. हा भेद लक्षात ठेवावा. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २ मे २०२२ रोजी कोणालाही सक्तीने लस टोचता येणार नाही असे सांगितले, आणि त्याच वेळी सरकारचे लसीकरण धोरण अवाजवी नाही असाही निर्वाळा दिला. लसीच्या दुष्परिणामांची माहिती लोकांसमोर ठेवावी, असेही न्यायालय म्हणाले.

६. ज्याला कळते त्याने काय करावे?

करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात संत पौल एका भांडणाविषयी लिहितो. मूर्तींना वाहिलेले मांस खावे की नाही यावरून मंडळीत दोन तट पडले होते. मूर्ती म्हणजे काहीच नाही हे ज्यांना ठाऊक होते ते खुशाल खात. ज्यांची मने कोवळी होती त्यांना ते पाहून धक्का बसे. पौलाच्या मते ज्ञान असणाऱ्यांचे म्हणणे खरे होते. तरीही त्याने आधी त्यांनाच समज दिली. ज्ञानाने माणूस फुगतो, प्रीतीने मंडळी उभी राहते, असा त्याच्या बोलण्याचा रोख आहे. ज्या भावासाठी ख्रिस्त मेला, त्या भावाला आपल्या ज्ञानाने तुडवू नये.

मांस आणि लस यांत एक फरक आहे. मांस न खाल्ल्याने शेजारी आजारी पडत नाही, लस न घेतल्याने पडू शकतो. म्हणून "ज्याचे त्याने पाहावे" एवढे म्हणून आपल्याला थांबता येणार नाही. परंतु पौलाची रीत येथेही लागू आहे. २०२१ साली ज्यांनी लस घेतली त्यांच्यापैकी आम्ही काही जण घरोघर फिरलो. तेव्हा आमच्याही तोंडून "तुम्हांला समजत नाही" असे शब्द गेले. ज्या घरी असे बोललो तेथे दार बंद झाले. ज्या घरी "ताप आला तर तुमच्या वाट्याची मोहफुले आम्ही वेचून देऊ" असे एका ताईने म्हटले, तेथे चौघे जण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आले. नामानाच्या नोकरांची रीत आम्हांला त्या ताईकडून कळली.

७. आता काय करावयाचे?

कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात आपला बांध घातला असे सांगतात. त्याची पाळ एका बाजूने कितीही भक्कम असली तरी एका ठिकाणी फुटली तर सगळेच पाणी जाते. गोवरासारख्या रोगाचेही असेच आहे. गोवर फार वेगाने पसरतो. त्याला रोखायला दर शंभर मुलांपैकी सुमारे पंच्याण्णव मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. मग उरलेली पाच, ज्यांत फार लहान बाळे आणि आजारी मुले असतात, तीही सुरक्षित राहतात. करोनाच्या काळात नेहमीचे लसीकरण मागे पडले, आणि २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी व आसपास गोवराची साथ येऊन लहान मुले दगावली. करोनाच्या लसीवरचा राग बाळाच्या लसीवर काढला तर त्याची किंमत बाळ देते.

दुसरीकडे पोलिओकडे पाहा. दोन थेंबांविषयीही भारतात किती अफवा होत्या! तरी देशातील शेवटचा पोलिओ रोगी जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. ते काम गावोगाव फिरणाऱ्या बायकांनी केले.

तेव्हा प्रत्येक कुटुंबाने पुढील गोष्टी कराव्यात अशी आमची विनंती आहे :

• बाळाचे लसीकरण कार्ड आज घरी गेल्यावर काढून पाहावे. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असतो. राहिला असेल तर आशाताईंना किंवा दवाखान्यातील नर्सताईंना विचारावे.
• लसीविषयी शंका असेल तर ती मोबाईलला न विचारता डॉक्टरांना विचारावी. शंका विचारण्यात कमीपणा नाही.
• लस घेतल्यावर त्रास झाला तर तो लपवू नये, दवाखान्यात नोंदवावा. त्या नोंदीमुळेच दुसऱ्याचे रक्षण होते.
• शेजारच्या घरी कोणी कचरत असेल तर वाद घालू नये. सोबत जावे, मूल सांभाळावे, एक दिवसाचे काम वाटून घ्यावे.
• त्या वर्षी कोणावर ठपका ठेवला असेल, किंवा आपल्यावर कोणी ठेवला असेल, तर येत्या रविवारच्या मिस्सेआधी त्या घरी जावे. कोणाचा मृत्यू कशाने झाला हे आता आपल्याला कदाचित कधीच कळणार नाही. त्या सुनेने सासूला वाचवायलाच नेले होते. त्या भावानेही वडिलांना वाचवायलाच थांबवले होते. देवाला दोघांची मने ठाऊक आहेत.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. नामानाच्या जागी आपण असतो तर यार्देनला गेलो असतो का? आपल्याला कोणी समजावले असते तर आवडले असते?
२. २०२१ साली आपल्या घरात लसीविषयी कोणते मतभेद झाले? आज त्यांकडे पाहताना काय वाटते?
३. "बंधन नव्हे, पण प्रेम" याचा आपल्या रोजच्या जीवनात आणखी कोठे उपयोग होतो?
४. आपल्या वस्तीत कोणत्या कुटुंबाला दवाखान्यापर्यंत सोबत हवी आहे?

प्रार्थना

हे प्रभू येशू ख्रिस्ता, तू रोग्यांना हात लावून बरे केलेस आणि त्यांना आणणाऱ्यांची श्रद्धाही पाहिलीस. साथीच्या काळात आमच्यातून गेलेल्या सर्वांना चिरशांती दे. त्या दिवसांत रोग्यांची सेवा करताना ज्या डॉक्टरांनी, नर्सताईंनी, धर्मगुरूंनी आणि धर्मभगिनींनी प्राण दिले, त्यांचे श्रम व्यर्थ जाऊ देऊ नकोस. आमच्या कुटुंबांत राहून गेलेला राग काढून टाक. ज्यांना कळते त्यांना नम्रता दे, ज्यांना भीती वाटते त्यांना धीर दे, आणि आमच्या लेकरांना आरोग्य दे. आमेन.